लळिंगवर नेलेले नवरदेव

"तुझे गुडघे कसे आहेत?"

खोली भाड्याने बघायला आलेल्या मुलीला घरमालकाने विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते, आणि सावद्याहून वडील मला सोडायला आले होते. घरमालक आडनाव विचारतील, नोकरी पक्की का विचारतील, पाहुणेरावळे किती येतात विचारतील, अशी सगळी तयारी वडिलांनी एसटीतच करून घेतली होती. गुडघ्यांचं काही ठरलेलं नव्हतं. वडील माझ्याकडे बघायला लागले आणि मी वडिलांकडे.

"बरे आहेत," मी म्हणाले.

"मग खोली तुझी," नाना म्हणाले आणि आत जाऊन किल्ली घेऊन आले.

त्यांना सगळी गल्ली नाना म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. घराच्या पुढच्या अंगाला त्यांची पिठाची गिरणी होती. मागे दोन खोल्यांत नाना, त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे अक्का म्हणत, आणि मुलगी कुंदा. वरची खोली माझी. सकाळी गिरणी सुरू झाली की माझ्या खोलीतला पाण्याचा तांब्या फळीवरून इंच इंच सरकायला लागायचा. नानांच्या भुवया, कानांवरचे केस, सदऱ्याचा खिसा, सगळं पिठाने पांढरं. आंघोळ करून आले तरी एखाद्या सुरकुतीत ज्वारी शिल्लक असायचीच.

त्यांच्या बोलण्याचीही एक गंमत होती. माझ्याशी आणि गावातल्या शिकलेल्या लोकांशी ते शुद्ध पुस्तकी मराठी बोलत. गिरणीच्या मोटरशी मात्र हिंदीत. "चल मेरे शेर, थोडा और, शाब्बास," असं तिच्या पत्र्यावर थोपटत म्हणायचे. आणि रागावले किंवा गलबलले की अहिराणी सुरू. मी पूर्वेकडची, केळीच्या पट्ट्यातली. आमची बोली वेगळी. पहिले काही महिने नाना रागावले की मला फक्त ते रागावलेत एवढंच कळायचं, कशावर ते कळायचं नाही.

रविवारी गिरणीला सुट्टी नसते. आठवड्याचं दळण त्याच दिवशी येतं. पण नाना रविवारी सकाळी डब्यांची रांग लागलेली असताना मोटर बंद करायचे आणि दाराला पाटी अडकवायचे: "मालक लळिंगला." बायका चिडायच्या, डबे आपटायच्या, समोरच्या गल्लीतल्या गिरणीत जाऊ म्हणून धमक्या द्यायच्या. नाना थर्मास, छत्री आणि बरोबरच्यांना बसायला जुनं वर्तमानपत्र घेऊन मालेगावकडे जाणाऱ्या एसटीत बसलेले असायचे.

लळिंगचा किल्ला धुळ्यापासून जवळ, आग्रा रोडला लागूनच. गावात जुनं महादेवाचं देऊळ, तिथून वर चढणारी वाट, निम्म्यावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं, पुढे पडका दरवाजा, आणि माथ्यावर भिंती उरलेल्या काही इमारती. पावसाळ्यानंतर उतारावरचं गवत कमरेएवढं वाढतं आणि खालच्या कुरणातून मोरांचे आवाज येतात. उन्हाळ्यात तोच डोंगर भाजलेल्या भाकरीसारखा दिसतो. नाना दोन्ही वेळी जायचे. घरी ते चहाला शिवत नसत, सकाळी पेलाभर दूध घेत. चहा फक्त गडावर, थर्मासमधला, तोही उभ्याने.

"घरी का नाही घेत, नाना?" मी एकदा विचारलं.

"घरी कशाला?" ते म्हणाले, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मीच काहीतरी विचित्र बोलले होते.

एकटे जायला त्यांना आवडत नसे. कुणी ना कुणी पकडून न्यायचे. माझे गुडघे बरे असल्यामुळे मी बऱ्याचदा बरोबर असायचे. माथ्यावर एक जाड भिंतींची, छत कोसळलेली इमारत होती. एकदा मार्केट यार्डातले दोन अडते बरोबर होते. नानांनी त्यांना सांगितलं की हे धान्याचं कोठार, इथे सबंध खानदेशाची ज्वारी साठवत. अडते हरखून गेले, भिंतीला हात लावून बघायला लागले. पुढे काही रविवारांनी एक पोलीस हवालदार बरोबर होता.

"हा तुरुंग," नाना म्हणाले. "इथे दरोडेखोर कोंडत. त्या कोपऱ्यात साखळीची कडी होती."

परत उतरताना मी त्यांना गाठलं.

"नाना, मागच्या वेळी ते कोठार होतं."

"होतं ना."

"मग आज तुरुंग कसा झाला?"

"आज हवालदार होता बरोबर. त्याला ज्वारीत काय गोडी?"

"पण मुळात काय होतं ते?"

नाना थांबले. छत्री टेकून त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "कुणाला माहीत पोरी. पडकं आहे."

ते थापा मारत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही. दोन्ही वेळा त्यांचा चेहरा अगदी प्रामाणिक होता. माझाच गोंधळ उडायचा. घरी येऊन मी कुंदाला सांगायचे तर ती शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणायची, "मला तर त्यांनी लहानपणी राणीचं न्हाणीघर सांगितलं होतं."

कुंदा सव्वीस वर्षांची होती. शिवणक्लास चालवायची. उंच, सावळी, कमी बोलणारी. त्या काळी धुळ्यात सव्वीस म्हणजे आई-बापांची झोप उडवणारं वय. स्थळं येत नव्हती असं नाही. चांगली येत होती. पण नानांची एक अट होती आणि तिच्यापायी गल्लीत आणि नातेवाइकांत नानांच्या डोक्याविषयी बरीच चर्चा चालायची. मुलगा आला की पोहे नंतर. आधी त्याने नानांबरोबर लळिंग चढायचा. बरोबर आलेले मामा-काका घरी अक्कांजवळ बसत, आणि नवरा मुलगा इस्त्रीच्या पँटीत आणि चकचकीत बुटांत एसटीने गडाकडे रवाना होई. कुंदा घरीच. आणि साक्षीदार म्हणून मी.

"तू बाहेरगावची आहेस," नानांनी मला सांगितलं होतं. "तुला कुणाची बाजू नाही. नीट बघत जा."

"काय बघू?"

"सगळं," नाना म्हणाले.

पहिला मुलगा चोपड्याचा. शेतकी पदवीधर, घरची केळी, अंगाने काटक. तो हरणासारखा चढला. आम्ही टाक्यापाशी पोचलो तेव्हा तो माथ्यावरून हात हलवत होता. नानांनी त्याला चहा दिला, इमारतीचं कोठार करून सांगितलं, गोड बोलले. घरी आल्यावर पोहे झाले, पाहुणे गेले, आणि नाना म्हणाले, "नको."

"का?" अक्का म्हणाल्या.

"फार भरभर चढला."

दुसरा एरंडोलचा, शाळामास्तर. तो सावकाश, जपून, दगड पारखून चढला. वाटेत नानांना हातही दिला. "नको," नाना म्हणाले. "सारखा मागे वळून बघत होता." तिसरा पारोळ्याचा, औषधाच्या दुकानात. भरभरही नाही, सावकाशही नाही, मागेही बघितलं नाही. चैत्रातलं ऊन असूनही तक्रार केली नाही. मला तर तो पसंत पडला होता. "नको. गडावर दोन तास होता, एक प्रश्न विचारला नाही."

प्रत्येक वेळी पाहुणे गेल्यावर अक्का मला स्वयंपाकघरात ओढायच्या. "खरं सांग माय, काय झालं वर? त्यानं काही वेडंवाकडं केलं का? ह्यांनी काही वेडंवाकडं केलं का?" मी आठवून आठवून सांगायचे. तो इथे थांबला, नाना असं म्हणाले, मग तो पाणी प्यायला. अक्का एकेक गोष्ट ऐकून मान हलवायच्या, पण त्यातून काही निघायचं नाही. मी डोळे उघडे ठेवून सगळं बघितलं होतं आणि नेमकं काय बघितलं ते मला सांगता येत नव्हतं. रात्री पडल्या पडल्या मी स्वतःच नियम लावायचे. भरभर नको, सावकाश नको, गप्प नको. मग हवं काय? गड चढण्याचा आणि नवरा होण्याचा संबंध काय?

अक्कांनी शेवटी स्वतःच एक नियम काढला. चौथा मुलगा साक्रीकडचा होता. त्याच्या मावशीला अक्कांनी आधीच गाठून सगळं पढवून ठेवलं. बेताने चाल, मागे बघू नको, गडाविषयी विचार. पोरानं तसंच केलं. दरवाजा कुणी बांधला, टाकं किती खोल, वर राहत कोण होतं, एकामागून एक विचारत गेला. नाना खुलले. त्या इमारतीचा त्यांनी त्या दिवशी दारूखाना केला, आणि तोफांचे आवाजसुद्धा काढून दाखवले. मी मनात म्हटलं, जमलं. घरी आल्यावर अक्कांनी शिऱ्यात काजू घातले.

पाहुणे गेले. नाना पाय धुऊन आले. "नको," म्हणाले. "हा पाठ करून आला होता."

अक्कांनी हातातली पळी ठेवली आणि त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मोठ्याने रडल्या नाहीत, नुसतं पाणी वाहत राहिलं. "एक पोर गई," त्या म्हणाल्या, "आते दुसरीले घरमा बसाडी ठेवा."

मला ते नीट कळलं नाही. एक पोर गई म्हणजे काय? मी कुंदाकडे बघितलं. ती शिवणयंत्रावर झाकण घालत होती. तिने झाकण नीट बसवलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी मी येणार गडावर."

"लोक काय म्हणतील?" अक्का म्हणाल्या.

"लोक आत्ता काय म्हणतात ते ऐक जरा," कुंदा म्हणाली.

त्यानंतर महिनाभर अक्का नानांशी बोलल्या नाहीत. जेवायचं ताट त्या माझ्या हाती द्यायच्या, "त्यांना दे." नाना जेवून ताट माझ्या हाती द्यायचे, "तिला सांग, वरण छान होतं." त्या वरणात मीठ नसायचं.

पाचवा पाहुणा शिरपूरचा. कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, जरा जाड, चेहरा गोल, कपाळाला सारखा रुमाल. दिवाळी नुकतीच झाली होती, गवत पिवळं पडायला लागलं होतं. एसटीतून आम्ही चौघं उतरलो. पुढे नाना, मग पाहुणा, मग कुंदा आणि मी. पहिल्या चढालाच तो धापा टाकायला लागला, पण चढत राहिला. बोलत काही नव्हता. वाट जिथे उजव्या हाताला उघडी पडते आणि खालचं गाव दिसायला लागतं तिथे मी त्याच्याकडे बघितलं, तर त्याचा चेहरा पांढराफटक. तो कातळाला हात लावून लावून पुढे सरकत होता. टाक्यापाशी आल्यावर तो खाली बसला. भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून.

"चला, निम्मा झाला," नाना म्हणाले.

"मी येत नाही," पाहुणा म्हणाला.

"म्हणजे?"

"मला उंचावर भीती वाटते. पुढे नाही जमणार. तुम्ही जाऊन या, मी इथे थांबतो."

आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. नानांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग पुन्हा त्या हातातून या हातात. आता काय करतात, रागावतात, परत फिरतात, मला अंदाज येईना. त्यांनाही येत नसावा.

"मीही थांबते," कुंदा म्हणाली. तिने माझ्या हातातलं वर्तमानपत्र घेतलं, पाहुण्यापासून हातभर अंतरावर अंथरलं आणि बसली. "तुम्ही दोघं जा वर, नाना."

नाना गेले. का गेले कोण जाणे. सवयीने गेले असावेत. मी मागोमाग. वर वारा होता. दूर धुळ्याची घरं उन्हात पांढुरकी दिसत होती. नानांनी थर्मास खाली ठेवला, उघडला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना गडावर बसलेलं बघितलं, उघड्या दगडावर.

"आता काय करायचं?" त्यांनी मला विचारलं.

"कशाचं, नाना?"

धुळ्याकडे बघतच ते म्हणाले, "कुंदाच्या आधी शोभा होती. माझी मोठी."

त्यांनी थर्मास जवळ ओढून धरला.

"तिला बघायला आले, तेव्हा आमच्या ओसरीवर अर्धा तास बसले. चांगलं स्थळ होतं. मुलगा खाली मान घालून पोहे खात होता. मध्येच मान वर करून म्हणाला, थोडं लिंबू मिळेल का. मला वाटलं, वा, मागून घेतो. मोकळा माणूस आहे. आतून मनात गाठ नाही याच्या." नानांनी नाकावरून हात फिरवला. "लिंबू मागितलं म्हणून मी मुलगी दिली, पोरी. दुसरं काही मी बघितलंच नाही. वर्ष पुरं व्हायच्या आत निरोप आला. पाण्याला गेली, पाय घसरला, विहिरीत पडली. पाय घसरला म्हणे. ती नदीच्या दरडीवरून शेळीसारखी उतरायची लहानपणी."

वाऱ्याने छत्री लोळत गेली. मी उठून आणली.

"मग म्हटलं, पुन्हा अर्ध्या तासावर नाही जायचं. दिवसभर बघायचा माणूस. दमवायचा, तापवायचा, आणि बघायचा."

"मग त्या चौघांत काय दिसलं, नाना?"

"काही नाही," नाना म्हणाले.

"काही वाईट दिसलं?"

"वाईट नाही, चांगलं नाही. माणूस चढतो, चहा पितो, उतरतो. मला काही कळत नाही. घरी आलो की ती विचारते, का नको? मग काहीतरी सांगावं लागतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे लाल झाले होते. "काय बघायचं असतं ते मला माहीतच नाही. तुला काही दिसलं का कधी?"

मला काय दिसणार होतं? मी नाही म्हटलं.

आम्ही उतरायला लागलो. टाक्यापाशी आलो तर तिथे कुणी नव्हतं.

वर्तमानपत्र होतं, त्याच्यावर दगड ठेवलेला. कुंदा नव्हती. पाहुणा नव्हता. नानांनी हाक मारली. "कुंदे!" डोंगरातून काही उत्तर आलं नाही. "कुंदे! कथी गयी व माय!" त्यांनी छत्री टाकली, थर्मास टाकला आणि ते वाटेच्या कडेला जाऊन खाली वाकले, मी मागून त्यांचा सदरा धरला. मग ते वळले आणि टाक्याच्या काठावर गुडघ्यांवर बसले. हिरवं पाणी होतं, शेवाळलेलं, काही दिसत नव्हतं. नाना त्या पाण्यात बघत होते. हात घालून त्यांनी शेवाळ बाजूला सारलं. पुन्हा सारलं. ते पुन्हा जवळ येत होतं.

"नाना, उठा. ते खाली गेले असतील."

ऐकेनात. मी त्यांना दंडाला धरून उठवलं. त्यांचे हात कोपरापर्यंत हिरवे झाले होते. ती उरलेली वाट आम्ही कशी उतरलो मला आठवत नाही. मी त्यांना धीर देत होते. कोण होता तो माणूस? शिरपूरचा, जिनिंगमधला, जाड. याहून काय माहीत होतं आम्हाला?

गावात देवळापाशी एक म्हातारी शेंगा निवडत बसली होती. नानांना विचारता येईना, मीच विचारलं.

"ती उच्ची पोर का?" म्हातारी म्हणाली. "पाव्हनाना हात धरीसन खाले लई उनी. मंग दोन्ही येस्टीमा बठी गयात, धुळाकडे."

"कोनी कोना हात धरेल व्हता?" नाना एकदम म्हणाले.

"पोरनी. पाव्हना ते कापी राहिंता." म्हातारी हसली. एवढी अहिराणी तोवर मला येत होती. हात कुंदाने धरला होता, आणि थरथरत होता तो पाहुणा.

नाना देवळाच्या पायरीवर बसले आणि एसटी येईपर्यंत त्यांनी हातांचं शेवाळ पुसलं नाही.

घरी पोचलो तर दारातच पोह्यांचा वास. पाहुणा पाटावर बसून खात होता, अक्का वाढत होत्या, त्याचे काका ढेकर देत होते आणि कुंदा खांबाला टेकून उभी होती. नाना उंबऱ्यात. सगळे थांबले.

"त्यांना चक्कर येत होती," कुंदा म्हणाली. "बसून बसून जास्तच यायला लागली. मी खाली आणलं. पेपरवर दगड ठेवला होता, म्हटलं तुम्हाला कळेल."

काय कळणार होतं पेपरवरच्या दगडावरून? पाहुणा ताटावरून उठून उभा राहिला.

"भीती वाटते तर आलास कशाला गडावर?" नानांनी विचारलं.

"नाही म्हणायची लाज वाटली," तो म्हणाला. "मग निम्म्यावर लाज संपली."

"नाना, मी बोलले आहे यांच्याशी," कुंदा म्हणाली. "ताईचंसुद्धा सांगितलं. मला पसंत आहेत."

नाना एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले. मग वळले, पुढच्या बाजूला गेले, आणि रविवार असताना त्यांनी गिरणी सुरू केली. पट्टा फिरायला लागला, घर हादरायला लागलं. अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जा गं, बघ काय करतात."

मी गेले. वरच्या टोपात दाणा नव्हता. गिरणी रिकामीच फिरत होती, दगडावर दगड घासून कानठळ्या बसत होत्या, आणि नाना मोटरवर हात ठेवून उभे होते. मला बघून त्यांनी काहीतरी विचारलं. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, भुवया वर करून, अगदी आर्जवाने. त्या चेहऱ्याकडे बघून मला राहवलं नाही. मी मान डोलावली. त्यांनी मोटर बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचा पेला खाली ठेवून ते अक्कांना म्हणाले, "मुहूर्त काढायला सांग." महिन्याभरानंतरचं ते त्यांच्याशी पहिलं वाक्य होतं.

अक्कांना खरं वाटेना. "एकदम कसं ठरलं?"

"काल मी हिला विचारलं, तुला काही कळलं का या माणसाचं? ही हो म्हणाली." नानांनी माझ्याकडे बोट केलं. "म्हटलं, चला, एकाला तरी कळलंय."

मी तोंड उघडलं. अक्कांनी माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. "तू गप बस," त्या हळूच म्हणाल्या. "आते एक शब्द बोलू नको."

माघात लग्न झालं. मी हळदीला होते, पाठवणीला होते, आणि सगळा वेळ त्या गोल चेहऱ्यात काही दिसतं का ते बघत होते. तो घामाघूम होऊन सगळ्यांच्या पाया पडत होता. पुढे माझी जळगावला बदली झाली, माझंही लग्न झालं. सावद्याला आमच्याच ओसरीवर, अर्ध्या तासात. तेव्हा मला नाना आठवले. पण शिरपूरचा पाहुणा तर माझ्या डोलावलेल्या मानेच्या भरवशावर आत आला होता. धुळ्याहून कुणी कचेरीत आलं की मी आधी कुंदाची खबर विचारायचे. "बरी आहे," लोक सांगायचे. बरी म्हणजे काय? शोभाही 'बरी'च असेल, निरोप यायच्या आदल्या दिवशी.

तीन-चार वर्षांनी कामानिमित्त धुळ्याला गेले. रविवार होता. गिरणीला कुलूप, पाटी नव्हती. शेजारणीने सांगितलं, जावयाने धुळ्यातच नोकरी धरली आहे, देवपुरात राहतात, नाना दर रविवारी तिथेच असतात. पत्ता घेऊन मी पांझरा नदी ओलांडून गेले.

दोन खोल्यांचं घर. जावई आरशासमोर दाढी करत होता. त्याच्या मागे लोखंडी खुर्चीवर, छत्री पायांत धरून, नाना बसले होते आणि त्याच्याकडे टक लावून बघत होते. तो पेपर वाचायला बसला, नाना तिकडे बघायला लागले. तो कुंदावर डाळ पातळ झाल्याबद्दल जरा चिडला, कुंदा त्याच्यावर दुप्पट चिडली, नानांनी खुर्ची थोडी पुढे सरकवली. जावयाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. त्याने मधूनच नानांपुढे चहाचा कप ठेवला आणि नाना तो प्यायले.

"दर रविवारी असेच?" मी कुंदाला आत विचारलं.

"सकाळी येतात, जेवून जातात," ती म्हणाली. ती हसत होती आणि पोळ्या लाटत होती. पाठीवर बांधलेलं मूल झोपलं होतं.

निघताना नाना मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. माझ्या नवऱ्याची चौकशी केली, गुडघ्यांची केली. मला विचारल्याशिवाय राहवेना.

"नाना, इतकी वर्षं बघताय जावयाकडे. आता तरी काही कळलं का?"

नाना थांबले. मागे वळून त्यांनी घराकडे बघितलं. दारात कुंदा उभी होती, मूल कडेवर घेऊन, सगळं दार भरून.

"मानूस काही समजना नही अजून," ते म्हणाले. "पन पोर जाड व्हई गई."